धूर सर्वांचा, पंखा कुणाचा? : सामाईक कार्यशाळेतील लेझर कटर आणि एक्झॉस्टचा इतिहास

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये ५०,००० अटल टिंकरिंग लॅब उभारण्याची घोषणा झाली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातून तोवर दहा हजारांवर शाळांत अशा लॅब पोहोचल्या होत्या. शाळेत थ्रीडी प्रिंटर येतो आणि महाविद्यालयात, फॅब लॅबमध्ये किंवा शहरातील सामाईक कार्यशाळेत त्याच्या जोडीला लेझर कटर येतो. प्लायवूड, अ‍ॅक्रिलिक, पुठ्ठा, कातडे असे काहीही संगणकावरील रेषेबरहुकूम कापून देणारे हे यंत्र विद्यार्थ्यांचे सर्वांत लाडके असते. उद्घाटनाच्या छायाचित्रात ते झळकते. त्याच्या पाठीमागून निघून भिंतीच्या भोकातून बाहेर जाणारी नळी मात्र त्या छायाचित्रात सहसा दिसत नाही.

त्या नळीचा इतिहास लेझरपेक्षा शंभर वर्षांहून अधिक जुना आहे. धूळ आणि धूर कामगाराच्या नाकापर्यंत पोहोचण्याआधी ओढून घ्यावा, ही कल्पना कुणाला सुचली नाही असे कधी घडले नाही. ती अमलात आणून टिकवण्यात मात्र अनेक पिढ्या अपयशी ठरल्या, आणि त्या अपयशाची कारणे जवळजवळ प्रत्येक वेळी सारखीच होती.

लेझर कटरच्या धुराची कहाणी बारामतीपासून सुरू करता येते. १९३८ मध्ये तेथे जन्मलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले आणि डॉक्टरेटनंतर बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. मे १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर झोत मिळवला होता. पटेल यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा लेझर जगापुढे मांडला. त्याच्या झोताची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या सुमारे वीसपट. डोळ्यांना न दिसणारा हा अवरक्त झोत लाकूड, कागद, कापड, कातडे आणि अ‍ॅक्रिलिक हे पदार्थ पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरातच शोषून घेतात आणि शोषलेली सारी ऊर्जा उष्णतेत बदलते. १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी झोताच्या जोडीला ऑक्सिजनचा फवारा देऊन पोलादाचा पत्रा कापून दाखवला. आजच्या लहान कटरमध्ये झोताबरोबर हवा फुंकणारा पंप असतो, तो याच कल्पनेचा धाकटा भाऊ होय.

करवत लाकडाचा भुसा करते आणि तो भुसा जमिनीवर पडतो. लेझर ज्या रेषेवरून जातो, त्या रेषेतील पदार्थ वितळतो, विघटित होतो, जळतो किंवा वायुरूप होतो. तो नाहीसा होत नाही, हवेत जातो. साधा हिशेब करून पाहावा. ३ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये झोताची चीर ०.२ मिलिमीटर रुंद धरली आणि दिवसभरात सर्व विद्यार्थ्यांची मिळून १०० मीटर लांबीची कापणी झाली, तर सुमारे ७० ग्रॅम अ‍ॅक्रिलिक त्या चिरेतून निघून गेलेले असते. त्याचा मोठा भाग मिथाइल मेथाक्रिलेट या मूळ रसायनाची वाफ बनतो. अ‍ॅक्रिलिक कापताना येणारा गोडसर, उग्र दर्प तो हाच. आणि ही वाफ ज्वलनशील असते.

या धुराकडे काळजीपूर्वक पाहण्याची वेळ प्रथम ज्यांच्यावर आली, त्यांत शल्यचिकित्सक होते. कार्बन डायऑक्साइड लेझर शस्त्रक्रियेत रुळला, तेव्हा जळालेल्या ऊतींचा धूर शस्त्रक्रियागृहात पसरू लागला. लेझरने चामखीळ जाळताना निघणाऱ्या वाफेत पॅपिलोमा विषाणूचा डीएनए सापडल्याचे १९८८ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने रुग्णालयांना सल्ला दिला, की धूर ओढणाऱ्या नळीचे तोंड शस्त्रक्रियेच्या जागेपासून दोन इंचांच्या आत ठेवावे आणि फिल्टर ठरावीक काळाने तपासून बदलावेत. दोन इंच आणि ठरावीक काळ, या दोन शब्दांत एक्झॉस्टचे निम्मे शास्त्र सामावले आहे. त्यातील अंतराचा भाग पदार्थविज्ञानाचा आणि काळाचा भाग माणसांचा.

अंतराचा भाग समजून घेण्यासाठी देवघरातील निरांजन पुरेसे आहे. हातभर अंतरावरून फुंकर घातली तर ज्योत विझते. तेवढ्याच अंतरावरून कितीही जोराने श्वास आत ओढला तरी ती हलतदेखील नाही. फुंकलेली हवा एका दिशेने झोतासारखी जाते. ओढलेली हवा मात्र सर्व बाजूंनी येते, त्यामुळे तोंडापासून थोडे दूर जाताच तिचा वेग कोसळतो. १९३० च्या दशकात जे. एम. डाला व्हाले यांनी ही घट मोजून सूत्रात बांधली. त्या सूत्राप्रमाणे उघड्या नळीच्या तोंडापासून नळीच्या व्यासाइतक्या अंतरावर ओढीचा वेग तोंडाजवळच्या वेगाच्या एक दशांशाहूनही कमी उरतो. म्हणून खोलीच्या वरच्या कोपऱ्यात बसवलेला पंखा टेबलावरच्या धुराला ओढू शकत नाही. तो फक्त खोलीभर पसरलेला धूर, म्हणजे लोकांच्या श्वासातून जाऊन आलेला धूर, हळूहळू पातळ करतो. धूर उगमाशीच धरायचा, उगमाभोवती शक्य तितके झाकण करायचे आणि मग ओढायचे, हा क्रम त्यामुळे अटळ ठरतो.

हे सूत्र सापडण्याच्या कितीतरी आधी कारागिरांनी हे तत्त्व अनुभवाने ओळखले होते. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला त्याचा व्यवसायही विचारावा, असे वैद्यांना बजावले. पण सामाईक कार्यशाळा, सामाईक धूळ आणि सामाईक पंखा यांचा पहिला मोठा धडा मिळाला तो इंग्लंडमधील शेफील्ड शहरात.

शेफील्ड हे चाकू, कात्र्या, काटे आणि वस्तऱ्यांचे गाव. तेथे धार लावणारे कारागीर आपापली जागा भाड्याने घेऊन काम करीत. इमारत एकाची, तिला फिरवणारी पाण्याची किंवा वाफेची शक्ती सर्वांची, आणि प्रत्येक सानदगडासमोर स्वतंत्र कारागीर. कोरड्या दगडावर धार लावताना पोलाद आणि वालुकाश्म यांची बारीक धूळ उडे. काटे घासणारे कारागीर तिशीतच दम लागून मरत. १८४५ मध्ये फ्रीडरिख एंगेल्स यांनी शेफील्डच्या डॉक्टरांच्या नोंदींच्या आधारे लिहिले, की कोरडी धार लावणाऱ्यांचे सरासरी आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचे असते. उपाय ठाऊक नव्हता असे नाही. १८२० च्या दशकात शेफील्डच्याच एका माणसाने पोलादाचे कण पकडणारे चुंबकी साधन बनवले होते. दगडाभोवती लाकडी खोके आणि त्यातून धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा, ही रचनाही कारागिरांपुढे आली होती. तरीही अनेकांनी ती नाकारली, काहींनी मोडून टाकली. पंखा आला की माणसे जास्त जगतील, धंद्यात गर्दी होईल आणि मजुरी घसरेल, अशी भीती त्यामागे होती. मरणाच्या भीतीहून मजुरी घसरण्याची भीती मोठी ठरावी, इतकी त्यांची परिस्थिती हलाखीची होती.

१८६७ च्या कायद्यांनी धूळ उडवणाऱ्या चाकांवर पंखा लावण्याचा आदेश देण्याचा अधिकार कारखाना निरीक्षकांना दिला. लगेच दुसरा पेच उभा राहिला. एका इमारतीत डझनभर स्वतंत्र कारागीर असतील, तर पंखा कुणाचा? जागा प्रत्येकाची, पण धूळ कुण्या एकाची नसे. ती सर्वांच्या छातीत जाई. अखेर १९०१ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने अशा भाड्याच्या सामाईक कारखान्यांत धूळ ओढणाऱ्या पंख्यासाठी लागणाऱ्या नळ्या आणि इतर साधने पुरवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर टाकली. पंख्याचे तंत्र ठाऊक झाल्यापासून त्याचा जबाबदार माणूस ठरेपर्यंत कित्येक दशके गेली.

स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात या अनुभवाचे सार उतरले. त्याच्या चौदाव्या कलमात धूळ आणि धूर यांविषयी स्पष्ट म्हटले होते, की एक्झॉस्टची गरज असेल तेथे तो धुराच्या उगमाच्या शक्य तितका जवळ लावावा आणि तो उगम शक्य तितका बंदिस्त करावा. डाला व्हालेचे सूत्र कायद्याच्या भाषेत लिहिले तर असेच दिसेल. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये या कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले आणि हवेतील घातक रसायनांच्या मर्यादा ठरवणारी अनुसूची जोडली गेली. पुढे संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली आणि जुन्या कायद्याची जागा तिने घेतली.

कायदा झाला म्हणून धूळ थांबली नाही. मध्य प्रदेशातील मंदसौर हे पाटीवरच्या पेन्सिलीचे मोठे केंद्र. ज्या पेन्सिलीने देशातील असंख्य मुलांनी मुळाक्षरे गिरवली, ती कापताना उडणारी सिलिकायुक्त धूळ कामगारांच्या फुप्फुसांत साठत होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, तपासलेल्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या छातीच्या क्ष-किरण चित्रांत सिलिकोसिसच्या खुणा आढळल्या. गुजरातमधील खंबात येथे अकीकाचे मणी घासण्याचे काम घराघरांत चालते. विजेच्या मोटरीवर फिरणारे चाक घरातच, आणि धूळ घरातील लेकराबाळांसकट सर्वांच्या वाट्याला. याच संस्थेने तेथील चाकांसाठी धूळ ओढणारी यंत्रणाही तयार केली. पण कारखान्यासाठी लिहिलेला कायदा घरातील चाकापर्यंत पोहोचत नाही. पंख्याचे वीजबिल मजुरीतून भरायचे असते आणि पिशवीत साठलेली धूळ कुणीतरी नेमाने रिकामी करायची असते. यंत्रणा बनवणे हा शास्त्रज्ञाचा प्रश्न. ती रोज चालू ठेवणे हा त्या घराचा.

या गोष्टीचा सर्वांत काटेकोर पुरावा कारखान्यातून न मिळता स्वयंपाकघरातून मिळाला. १९८३ पासून भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २००२ पर्यंत तीन कोटींहून अधिक चुली वाटल्या गेल्या. त्यांतील अनेकींना धूर छपराबाहेर नेणारे धुराडे होते. पुढे ओडिशातील ४४ खेड्यांत रिमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या सुधारित मातीच्या चुलींचा चार वर्षे मागोवा घेतला. कोणत्या घराला चूल आधी मिळेल हे सोडतीने ठरवले होते, त्यामुळे तुलना न्याय्य होती. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासातील धूर कमी झाल्याचे दिसले. त्यानंतर तो फरक विरत गेला. चुलींना तडे जात, धुराडी काजळीने भरत. ती साफ करायला, लिंपायला वेळ आणि श्रम लागत, आणि ते काम घरात आपोआप कुणाच्या वाट्याला येत नसे. चुलीची रचना चुकली नव्हती. तिला जगवण्याची व्यवस्था उभी राहिली नव्हती.

लेझर कटर भारतात रुजला तो या सगळ्या इतिहासानंतर. मुंबईच्या अणुऊर्जा संशोधकांनी १९६० च्या दशकातच अर्धवाहक लेझर बनवला होता. १९८४ मध्ये इंदूर येथे प्रगत तंत्रज्ञान केंद्राची पायाभरणी झाली. आज राजा रामण्णा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्राने औद्योगिक उपयोगाचे कार्बन डायऑक्साइड लेझरही विकसित केले. सामाईक कार्यशाळेची वाट मात्र पुणे जिल्ह्यातील पाबळहून निघाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब सुरू झाली. अमेरिकेतील एमआयटीच्या बाहेरची ती पहिली फॅब लॅब मानली जाते. खेड्यातील मुलांनी स्वतःच्या गरजेची यंत्रे स्वतः बनवावीत, हा तिचा गाभा. त्यानंतर देशभर अशा कार्यशाळा निघाल्या. एक यंत्र, अनेक हात, वेळेची पाळी लावून काम. शेफील्डच्या इमारतीचीच रचना, फक्त सानदगडाच्या जागी प्रकाशाचा झोत.

या झोतातून हवेत काय जाते, ते पदार्थावर ठरते. एमडीएफ आणि प्लायवूड यांतील डिंक बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा असतो. तो जळताना फॉर्माल्डिहाइड सुटते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्ये आणि फॉर्माल्डिहाइड २००४ मध्ये मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात घातले. लाकडाच्या अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला वासच नसतो. क्रोमने कमावलेले कातडे जाळताना क्रोमियमची संयुगे धुरात येऊ शकतात. सर्वांत वाईट पीव्हीसी. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो. हवेतील ओलाव्याशी मिळून तो हायड्रोक्लोरिक आम्ल बनतो आणि फुप्फुसांबरोबरच यंत्राचे रूळ, आरसे व पंख्याची पातीही खातो. येथे सावध राहावे लागते, कारण भारतीय बाजारात पीव्हीसी स्वतःच्या नावाने येत नाही. रेक्झिन म्हणून, सनबोर्ड म्हणून, नुसते फोमशीट म्हणूनही ते विकले जाते. ओळखण्याची जुनी चाचणी सोपी आहे. तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवावी, नमुन्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर पदार्थात क्लोरीनसारखे मूलद्रव्य आहे. ही चाचणी शिक्षकाच्या देखरेखीखाली, मोकळ्या हवेत करावी आणि ज्योत हिरवी दिसली की तो तुकडा यंत्रापासून कायमचा दूर ठेवावा. पीव्हीसीवर एक्झॉस्ट हा उपाय नाही. न कापणे हाच उपाय आहे.

बाकी पदार्थांसाठी एक्झॉस्टची रचना साधी आहे: बंद झाकणाचे यंत्र, त्याच्या मागून निघणारी नळी, आणि शेवटी हवा ओढून बाहेर फेकणारा ब्लोअर. ब्लोअर यंत्राजवळ न बसवता नळीच्या बाहेरच्या टोकाला बसवतात. मग खोलीतील संपूर्ण नळीत दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो आणि सांध्याला फट पडली तरी खोलीतील हवा नळीत शिरते, नळीतील धूर खोलीत येत नाही. ब्लोअर यंत्राशेजारी असेल, तर प्रत्येक सैल सांधा म्हणजे धुराचे छुपे तोंड.

आकड्यांकडे पाहिले की निगेचे महत्त्व उलगडते. १५० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून सेकंदाला १० मीटर वेगाने हवा जात असेल, तर तासाला सुमारे ६३५ घनमीटर हवा बाहेर पडते. ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत ९० घनमीटर हवा मावते. म्हणजे तासात सातदा खोलीभर हवा निघून जाते. तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. दारे-खिडक्या घट्ट लावून वातानुकूलन सुरू केले, तर ब्लोअर कितीही शक्तिमान असो, तो गुदमरतो. जागा वाचवण्यासाठी कुणी १०० मिलिमीटरची नळी जोडली, तर तेवढ्याच हवेसाठी नळीतील घर्षणाची हानी सुमारे साडेसातपट होते, कारण ती व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. आता या १०० मिलिमीटरच्या नळीत आतून चहूबाजूंनी ५ मिलिमीटर जाडीचा चिकट थर बसला असे समजावे. वाट ९० मिलिमीटरची उरते आणि केवळ तेवढ्यानेच घर्षण सुमारे ७० टक्क्यांनी वाढते. थराचा खडबडीतपणा, पन्हळी नळीच्या सुरकुत्या आणि प्रत्येक वळण यांची भर निराळी.

हा थर रोज थोडा थोडा बसतो. लाकडातील राळ, डिंकाची वाफ आणि काजळी थंड नळीवर घट्ट होतात. पात्यांवर साठलेल्या थराने पंख्याचा तोल बिघडतो आणि तो घरघरू लागतो. मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीखाली तुकडे साचून हवेची वाट अडवतात. बाहेरच्या तोंडावर पक्ष्यांसाठी लावलेली जाळी काजळीने बुजते. जाळी नसेल, तर उन्हाळ्याच्या सुट्टीत तेथे कबुतराचे घरटे होऊ शकते. आणि हा सारा थर ज्वलनशील असतो. यंत्रातील एखादी ठिणगी ओढली गेली, तर आग नळीतून छतापर्यंत जाण्याची वाट तयारच असते.

बिघाड लक्षात का येत नाही? कारण पंख्याचा आवाज चालूच असतो. वास येणे हा भरवशाचा इशारा नव्हे. काही मिनिटांत नाक त्या वासाला सरावते. धूर बाहेर न सोडता फिल्टरमधून गाळून हवा खोलीतच परत सोडणारी यंत्रे तर आणखी फसवी. त्यांतील बारीक फिल्टर सूक्ष्म कण अडवतो, पण वायू अडवत नाही. वायूसाठी सक्रिय कोळशाचा थर असतो. तो बहुधा नारळाच्या करवंटीपासून बनतो आणि त्याच्या एका ग्रॅमच्या छिद्रांत शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो. कण-फिल्टर तुंबला की हवा अडते, निदान कळते तरी. कोळसा भरला की हवा पूर्वीसारखीच वाहत राहते, फक्त वायू पकडले जात नाहीत. पावसाळ्यात हवेतील बाष्पही त्या छिद्रांत जागा अडवते. मुंबई, कोची किंवा गुवाहाटीच्या दमट हवेत कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेल्या माहितीपत्रकातील मुदत पाळून भागत नाही.

तपासण्याची साधने मात्र महाग नाहीत. यंत्राच्या हवा आत घेणाऱ्या फटीपाशी पेटती उदबत्ती धरली, की धुराची रेघ आत वळते की बाहेर रेंगाळते ते डोळ्यांना दिसते; अर्थात लेझर बंद ठेवून आणि आतील कचरा काढून. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून केलेला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा दाबमापक फिल्टरच्या दोन्ही बाजूंना जोडला, तर पाण्याच्या दोन पातळ्यांतील वाढते अंतर फिल्टर तुंबत असल्याचे सांगते. हातात धरण्याचा वातवेगमापक असेल, तर नळी नवी असताना बाहेरच्या तोंडाशी एकदा वेग मोजून भिंतीवर लिहून ठेवावा. दर महिन्याला त्याच जागी, तसेच मोजावे. आकडा पाचव्या हिश्श्याने उतरला की वीज तोडून नळी उघडण्याची वेळ झाली, असा नियम कार्यशाळेने स्वतःसाठी घालून घेण्यासारखा आहे. काम संपल्यावर झाकण उघडण्यापूर्वी पंखा काही मिनिटे चालू ठेवणे, जाळीखालचे तुकडे रोज काढणे, चालू यंत्राजवळ कुणीतरी सतत उभे राहणे आणि अग्निशामक हाताशी असणे, ही त्याच शिस्तीची इतर कलमे.

ही शिस्त कोणी पाळायची, येथे शेफील्डचा प्रश्न जसाच्या तसा परत येतो. विद्यार्थी हा कायद्याच्या भाषेत कामगार नसतो आणि शाळा कारखाना नसते. त्यामुळे कारखान्यातील हवेसाठी घडलेले संरक्षण प्रयोगशाळेच्या दारापर्यंत येऊन थांबते. यंत्राच्या खरेदीसाठी अनुदान असते, उद्घाटनासाठी दिवस ठरतो. नळी घासण्यासाठी ना तरतूद असते ना तारीख. वापरणारा प्रत्येक जण तासाभरासाठी येतो. त्या तासात बसणारा थर इतका पातळ असतो, की तो काढणे आपले काम आहे असे कुणालाच वाटत नाही. आणि जो माणूस रोज आठ तास त्या खोलीत असतो, तो लॅबचा साहाय्यक, त्याच्या श्वासात मात्र सगळ्यांच्या तासांची बेरीज होते. धूर सर्वांत जास्त त्याच्या वाट्याला, आणि खर्चाचा निर्णय घेण्याचा अधिकार सर्वांत कमी.

इतिहासाने याचे उत्तर एकदा दिलेले आहे. पंखा सर्वांचा असेल, तर त्याचा एक जबाबदार नावानिशी ठरलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी पेलण्याचे बळ ज्याच्याकडे आहे, म्हणजे जागेच्या आणि यंत्राच्या मालकाकडे, तिचा खर्च असला पाहिजे. व्यवहारात याचा अर्थ फार मोठा नाही. यंत्राच्या किमतीबरोबरच फिल्टर, नळी आणि ब्लोअर यांच्या वार्षिक खर्चाची ओळ अंदाजपत्रकात असावी. तपासणीची नोंदवही यंत्राशेजारी टांगलेली असावी. तिच्यात तारीख, वेग आणि सही असावी. त्या दिवशीची नोंद नसेल, तर यंत्र सुरू करायचे नाही, एवढा एक नियम पुरेसा आहे. विज्ञान शिकणाऱ्यांसाठी हा प्रयोगच आहे: वर्षभराच्या आकड्यांचा आलेख काढला, तर नळी कशी भरत गेली आणि साफ केल्यावर वेग कसा वर चढला, हे त्या रेषेत दिसेल. पाठ्यपुस्तकातील प्रवाहाचे नियम इतक्या जवळून दाखवणारे उपकरण शाळेत दुसरे क्वचितच सापडेल.

येत्या काही वर्षांत देशातील हजारो खोल्यांमध्ये नवी यंत्रे येतील. त्यांतून काय घडेल याचे अंदाज आत्ताच बांधता येणार नाहीत. त्यांच्या नळ्यांत काय साठेल, ते मात्र आजच सांगता येते; आणि ते साठण्याआधी पहिली नोंद करायची असेल, तर ती यंत्र बसवण्याच्या दिवशीच, नळी कोरी असताना करावी लागेल.